चालू इंजिनानं दारापर्यंत

।। बिरोबा प्रसन्न ।।

मु. पो. न्हावरे, ता. शिरूर
रविवार, २८ नोव्हेंबर १९९९

आदरणीय तात्याबा मामांच्या चरणी जावई बिरदेवचा दंडवत. मामींनाही माझा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा, मामींचा दमा, काळी म्हैस आन् नव्या विहिरीचं पाणी, चौघांचीही तब्येत बरी असंल अशी आशा करतो. इकडं सगळं ठीक हाय. म्हंजी मी ठीक हाय, कारण घरात मी एकटाच हाय.

आता मुद्द्यावर येतो. (मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो असं सुषमा म्हणते. ती म्हणते ते सगळं खरं असतं, हे या तीन आठवड्यांत कळलं.) धोंड्याच्या महिन्यात तुम्ही जावयाला वाण म्हणून पुरणाचे धोंडे, टॉवेल-टोपी आन् स्वतःची जावा मोटारसायकल दिलीत. दुसरे सासरे अंगठीवर भागवत्यात, तुम्ही अख्खी गाडी दिलीत, मोठं मन लागतं. मी फक्त जेवण झाल्यावर, तेबी हळूच, म्हणालो की मामांनी आपलं भंगार खपवलं. ते सुषमाच्या कानावर गेलं. मनात ठेवलं तिनं, आन् दिवाळीला तुमच्याकडं माहेरी आली ती परतलीच न्हाई. वर निरोप धाडला, यष्टीनं न्यायला आलात तर मी यायची न्हाई. माझ्या बापाच्या त्याच गाडीवर या, चालू इंजिनानं, दारापर्यंत. न्हाईतर भाकरी थापायला शिका. (शिकलो. शेजारच्या म्हशीनं खाल्ली.)

मग काय करता! रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट संपली की घरी येऊन गाडी खोलायला बसायचो. मामा, तुमच्या आधी तिला तीन मालक झाले हे तुम्हीच सांगितलेलं, म्हणून पुढं जे लिहितोय ते त्या तिघांबद्दल हाय, तुमच्याबद्दल अवाक्षर न्हाई. तर त्यातल्या एका महाभागानं पेट्रोलच्या टाकीचं भोक कपड्याच्या साबणानं बुजवलेलं. दुसऱ्यानं त्यावर डांबर थापलं. तिसऱ्यानं डांबरावर ऑइलपेंट मारला, तोही पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला निळा. (तुमच्या बैलांची शिंगंही निळीच हायत, पण निळा रंग बाजारात कुणालाही मिळतो.) फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. चेनच्या लॉकच्या जागी वाकवलेला खिळा. सीट उसवली तर आत स्पंज न्हाई, मेंढीची लोकर, चांगली दोन घोंगड्यांची, आन् तिच्यात उंदरीण बाळंत झालेली. (आपल्या धनगरांच्या घराशिवाय एवढी लोकर कुणाकडं असायची? पण मी काही म्हणत न्हाई.) ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आन् ब्रेक लागायचाच न्हाई. म्हंजी गाडीनं थांबायचं न्हाई, लोकांनी बाजूला व्हायचं, असा त्या मालकाचा हिशेब. नटांचं तर विचारूच नका. तीन नट खोलायला तीन मापांचे पाने, आन् चौथ्याला पानाच लागत न्हाई, तो सुतळी गुंडाळून हातोड्यानं ठोकलेला. तो उपटून कंपनीत नेला. आमच्या लेथवरच्या बिहारी भावानं उलटासुलटा करून विचारलं, "भैया, ये नट है कि इमली का बीज?" तरी बिचाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत नवा करून दिला.

पण खरी गंमत पुढंच. गाडी कवातरी पडलेली आन् पुढचं चाक धरणारा चिमटा डावीकडं वाकलेला. तो सरळ करायचं सोडून एकानं हँडलच उजवीकडं फिरवून आवळलं. त्यानं गाडी तिरकी पळायला लागली, म्हणून दुसऱ्यानं मागचं चाक वाकडं बसवलं. मग बसणारा एका अंगाला कलायला लागला, म्हणून तिसऱ्यानं सीटखाली एका बाजूनं पाटाचा तुकडा ठोकला. आन् मामा, गंमत बघा, अशा चार वाकड्या गोष्टी मिळून गाडी सुतासारखी सरळ चालायची! मी अतिशहाणा. चिमटा सरळ केला, चाक सरळ केलं, हँडलला हात लावला न्हाई, आन् ऐटीत चक्कर मारायला निघालो. जायचं होतं ग्रामपंचायतीकडं, गेलो शेजारच्या साळूबाईंच्या उकिरड्यात. साळूबाईंनी हात धरून बाहेर काढलं आन् म्हणाल्या, "बिरदेवा, बायको गेली म्हणून असं जिवावर उदार व्हायचं न्हाई रं बाबा." गावभर झालं. शेवटी शिरूरच्या गेणबा मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आन् हात जोडले. म्हणाले, इंजिन मी नीट करीन, पण माणसांनी करून ठेवलेलं निस्तरायला देवच पायजे. असं म्हणून चहा पिऊन गेले. मग मीच एकेक खिळा, एकेक सुतळी काढत बसलो. कांदा सोलल्यासारखं चाललेलं, पापुद्रा काढला की खाली दुसरा, आन् डोळ्यांत पाणी.

काल गाडी पुरी झाली. पहिल्या किकला चालू झाली. (खोटं कशाला बोलू, नवव्या.) मामा, मी नाचलो! खरंच नाचलो, अंगणात, एकटाच, हातात पाना घेऊन. मागल्या मालकांची एकूण एक चूक मी हुडकून काढली, एकबी ठेवली न्हाई. जावयाच्या हातात काय कसब हाय ते आता तुमच्या वस्तीला दिसंल. सुषमाला सांगा, तिच्या अटीप्रमाणं आज दुपारच्या जेवणाला येतोय. मटणाचा घाट घालू नये. घातलाच तर मी मन मोडणार न्हाई.

तुमचा आज्ञेतला,
बिरदेव

ता. क. – वर न्हावरे लिहिलंय ते सवयीनं. हे पत्र मी तुमच्या वस्तीअलीकडच्या वळणावर, लिंबाखाली बसून, तुमच्या वस्तीवर दूध गोळा करायला निघालेल्या डेअरीच्या भैरूच्या वहीतली पानं फाडून लिहितोय. भीमेचा पूल ओलांडला तवा गाडी काय पळत होती म्हणून सांगू! वळणावर एकदम चाक जाम झालं. मी पुढं, गाडी मागं, आन् मधी धूर. इंजिन धरलं, म्हंजी आतून अडकूनच बसलं. कारण असं, की हिच्या पेट्रोलमधी ऑइल मिसळावं लागतं. तुम्ही मिसळायचात. तुमच्या आधीचे तिघंही न चुकता मिसळायचे. मी विसरलो. इंजिन गार व्हायची वाट बघत बसलो, वेळ होता, म्हणून एवढं लिहिलं.

ता. क. २ – खरी विनंती ही. ऑइलशिवाय इंजिन चालू करता यायचं न्हाई, पण गिअर काढला की चाक फिरतंय, आन् वळणापासून तुमच्या दारापर्यंत उतार हाय. तुम्ही टमरेल घेऊन निघाल्यासारखं, कुणाला न सांगता, हिकडं यावं आन् मागनं एक धक्का द्यावा. इंजिनाचा आवाज मी तोंडानं काढीन. मघापासून सराव चाललाय, भैरू म्हणतो दुरून कळत न्हाई. जावयाचे पाय धुवायचे असतात, त्याला ढकलायचं नसतं, हे मला समजतं. पण प्रश्न संसाराचा हाय.

ता. क. ३ – घात झाला. चिठ्ठी खिशात घालता घालता भैरू म्हणतो, "तात्याबांना हल्ली अक्षर दिसत न्हाई. पत्रं सुषमाताईच वाचून दाखवत्यात." दुसरं लिहायला वहीत पान न्हाई. तोंडी निरोप द्यावा तर हा बाबा वस्तीभर ओरडत जाईल.

म्हंजी सुषे, हे तूच वाचतीयस. तेबी ओट्यावर, मोठ्यांदा, आन् मामांनी शेजारी बसून सगळं ऐकलं. आता काय लपवू? गाडी भंगार न्हाई, माझं तोंड भंगार. तुझी अट काही मला पुरी करता आली न्हाई. पण तुझ्याशिवाय घरात करमत न्हाई गं, अजिबात करमत न्हाई. मी लिंबाखाली हाय. मामांना काठीसकट घेऊन आलीस तरी चालंल. घरात ऑइल असंल तर घेऊन ये. नसंल तर नुसतीच ये.