बाहेर ठेवलेले बोल्ट

१९ जुलै १९८२

आज ताडपत्री काढून बोट बघितली. डावी बाजू दिसली आणि पुन्हा डोकं फिरलं. मे महिन्यात धक्क्यावर हिलरीची बोट माझ्या बोटीवर आदळली, तेव्हा बाजूची पट्टी निम्मी उखडून गेली. दोन बोटी घासल्या तर मार फळ्यांना न लागता पट्टीला लागावा, म्हणून तर ती असते. आता बोट उघडी पडली. आणि हा माझा सख्खा मेव्हणा! आवाज ऐकून मी धावत गेलो, तर चूक झाली म्हणणं लांबच. आपल्या बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहून अख्ख्या बंदरासमोर काय बोलला — "तुझं जुनं खटारं मधी कशाला लावतोस?" लोक हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

सालोमी म्हणते, सोडून दे. भाऊ तिचा. तिला काय जातं म्हणायला.

२४ जुलै

कामणच्या वखारीतून नव्या पट्टीसाठी लाकूड आणलं. लांब, सरळ, एक गाठ नाही. टेम्पोत मावेना, मागे लाल फडकं बांधून आणलं. वाटेत सगळं ठरवून टाकलं.

मोसम सुरू व्हायच्या आधी फादर बोटींना आशीर्वाद देतात. सगळ्या बोटी सजून ओळीने जातात. हिलरी यंदा नवा निळा रंग काढतोय. काढ म्हणावं. चांगला जाड काढ.

२ ऑगस्ट

शत्रुघ्न सुताराशी वाजलं. बोल्टची डोकी लाकडात बुडवायची आणि वर लांबी भरून भोकं बुजवायची, ही रीत. मी म्हटलं, राहू दे बाहेर. त्याने पाना खाली ठेवला. "दुसऱ्याची बोट फाडायची असंल तर ते माझ्या हातून व्हनार नाय."

ठीक आहे. पट्टी तू बसव. बोल्ट मी मारतो.

३ ऑगस्ट

पट्टी वाकवली. ओली गोणपाटं गुंडाळायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि दोराने पुढच्या टोकाकडे ओढत न्यायची. अशा वेळी बंदरावर जो असेल त्याने हातातलं टाकून यायचं. हाक मारावी लागत नाही. आणि आलेल्याला नको म्हणता येत नाही.

हिलरी आला. सरळ माझ्या पुढे उभा राहून दोर धरला. त्याची घामट मान माझ्या नाकासमोर! नंतर सगळ्यांना चहा दिला, त्यालाही द्यावा लागला. हात लावला म्हणून मी विसरेन असं वाटतं काय त्याला?

१० ऑगस्ट

बोल्ट मारले. सगळी डोकी बाहेर.

संध्याकाळी सासरे आले, ज्युलियसबाबा. समुद्र मला या माणसाने शिकवला, माझ्या बापाने नव्हे. पट्टीवरून हात फिरवत पुढच्या टोकापर्यंत गेले. बोल्टवर बोटं थांबली.

"हे वरच ऱ्हायले रे, फेबियन."

म्हटलं, काम बाकी आहे अजून.

"बुडव. लागंल कोनाला."

त्यांच्याशी खोटं बोलायला जड गेलं. पण हिलरीचं तोंड आठवलं आणि पुन्हा पेटलो.

१५ ऑगस्ट

केलं एकदाचं!

फादरांनी पाणी शिंपडलं, बँड सुरू झाला, आणि वळताना मी हिलरीच्या बोटीला चिकटलो. मागच्या टोकापासून पुढपर्यंत घासत नेली. निळा रंग सोलून आतलं लाकूड दिसायला लागलं. त्याच्या सुकाणूवर बाबा होते, घरातल्या वडीलधाऱ्याचा तो मान. त्यांना बघून क्षणभर हात अडला. मग म्हटलं, बोट तर हिलरीची ना. मोठ्याने ओरडलो, "बोट चालवता येत नाय तर घरी बसावं!" लोक हसले. या खेपेला त्याला.

तो उलटून बोलेल म्हणून मी तयारीत होतो. पण तो मागे वळून नुसता बाबांकडे बघत राहिला. घाबरला असेल. दुपारी दोन वडे जास्त खाल्ले.

१६ ऑगस्ट

झोप छान लागली. कित्येक महिन्यांनी.

१८ ऑगस्ट

सालोमी माहेरून रडत आली. बाबांनी बोटीवर जाणं सोडलं. डोळ्यांत पडदा आलाय, वर्ष होत आलं. एकट्या हिलरीला माहीत होतं. मे महिन्यात सुकाणूवर बाबाच होते. लोकांना कळलं तर बापाला किनाऱ्यावर बसवतील, म्हणून हिलरी तसा बोलला होता.

बाबा दोन दिवस एकच म्हणतायत — "परत माझ्याच हातून फेबियनच्या बोटीला लागलं. तवा पन त्यो मला काय बोलला नव्हता."

सालोमीला पाणी दिलं. बोल्टचं तिला अजून काही सांगितलेलं नाही.