दोन खुर्च्या राखीव

४ मार्च, सोमवार
ही बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट. बरोबर मोठी बॅग आणि शिवणाचं मशीन. चार दिवसांना मशीन जरा जास्तच वाटलं, पण हिचं पॅकिंग पहिल्यापासून असंच.

निघताना दारात म्हणाली, दोन वर्षांनी तुम्ही रिटायर होणार, मग दिवसभर घरात असणार, ते मला झेपणार नाही. बिचारीने म्हातारपणीच्या खर्चाची धास्ती घेतलीय. इतकी वर्षं मनात ठेवलं, कधी ताकास तूर लागू दिली नाही.

ठरलं. रिटायरमेंट बेनिफिट्सचा सोक्षमोक्ष लावायचा.

५ मार्च, सकाळी
मी अकाउंटंट माणूस. हातपाय गाळून बसणारा नव्हे. आमची संस्था छोटी. हाडं मोडलेल्यांना, आजाऱ्यांना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या वापरायला देते, बरे झाले की परत घेते. पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, मेडिकलच्या नावाने शंख. या भागात अशा बारक्या संस्था आणखी तीन-चार आहेत. जिथे म्हातारपणाची सोय सगळ्यात चांगली, तिथे उरलेली नोकरी करायची. तक्ता आखला. रकाने: पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिकल आणि शेवटचा ‘पत्नीसह’. त्याला सर्वांत जास्त मार्क.

आमच्या संस्थेचा एक लाभ मात्र कुठेच नसेल. रिटायर होणाऱ्याला गोदामातली एक व्हीलचेअर आजन्म राखीव, पत्नीसह. म्हणजे दोन. आवडेल ती निवडायची, हँडलला नावाची चिठ्ठी बांधायची, मग ती कुणाला द्यायची नाही. नियम जुना आहे, पण चालत्या पायांनी असली चिठ्ठी कोण बांधणार? मी बांधली. गेल्या वर्षी, हिच्या वाढदिवसाला. हिला मुद्दाम गोदामात नेऊन दाखवल्या. शेजारी-शेजारी उभ्या, हिची हलकी, ॲल्युमिनियमची. हिने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. भारावली असणार. मग एवढंच विचारलं, दोघंही बसलो तर ढकलणार कोण? मुद्दा बरोबर होता. सेक्रेटरींना विचारायचं राहूनच गेलं.

९ मार्च, शनिवार
चार दिवस झाले. हवा अजून पालटली नसावी.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला फोन केलात का? म्हटलं, आकडे हातात आल्यावर करीन, अर्धवट माहिती देऊन काय उपयोग? म्हणाली, तिला आकडे नकोत हो, तिच्याशी नुसतं बोला. म्हटलं, काय बोलू? मग म्हणाली, जेवलात का?

अंडी उकडली होती. टरफल सुटत नाही, बरोबर निम्मं अंडं जातं. हिची कशी सुटायची कोण जाणे. विचारलं कधी नाही.

१४ मार्च, गुरुवार
हाफ डे टाकून अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या संस्थेत गेलो. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. सगळे कुजबुजत बोलतात. खजिनदार सज्जन. पीएफ उत्तम, मेडिकल आहे, तेही पत्नीसह! जीव भांड्यात पडला. शंभरात एक्क्याण्णव.

बारीकशी अडचण. त्यांच्याकडे पंचावन्नला रिटायर करतात आणि मी छप्पन्नचा. म्हणजे रुजू होण्याआधीच निवृत्त. शिवाय ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, हे आमच्याकडे मीच लोकांना समजावून परत पाठवत आलोय. असो. हा तपशिलाचा भाग. तक्त्यात घातला नाही, दिसायला वाईट दिसतं.

हिला फोन लावला. एक्क्याण्णवचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, तुम्ही बरे आहात ना? म्हटलं, ‘पत्नीसह’मध्ये पैकीच्या पैकी आहेत. म्हणाली, बरं, ठेवते. खूश वाटली.

२१ मार्च, गुरुवार
म्हाताऱ्या कुत्र्यांना सांभाळणारी संस्था. कुत्र्यांना शेवटपर्यंत अन्न, औषध, गादी. कर्मचाऱ्यांना काय, विचारलं तर मॅनेजर हसला. म्हणाला, साहेब, आम्हाला पुढच्या जन्मी. मार्क: शून्य. एक आंधळं कुत्रं फाटकापर्यंत पायाला चिकटून आलं. त्याला वाटलं असेल, आपलं माणूस आलंय. हात फिरवला आणि निघालो. फाटकाबाहेर चष्मा पुसायला थांबावं लागलं. धूळ फार.

घरी आलो तर दाराला कुलूप. कुलूप सकाळी मीच लावलं होतं. तरी बेल वाजवली.

२ एप्रिल, मंगळवार
आजपासून रोज सकाळी चालायला जायचं. ही आली की चकित व्हायला हवी. (आज उशीर झाला. उद्यापासून.)

खेळण्यांच्या लायब्ररीला फोन केला. मुलं खेळणी घरी नेतात, खेळून परत करतात, मोडली की तिथेच दुरुस्ती. चालवणाऱ्या बाई मोकळ्याढाकळ्या. पीएफ? नाही. ग्रॅच्युइटी? नाही. मग आहे काय? म्हणाल्या, चार वाजता हातातलं टाकून सगळ्यांनी एकत्र चहा प्यायचा, आणि जमेल तितकी वर्षं यायचं. म्हणाल्या, कुणी विचारतच नाही हो असलं काही. गेल्या महिन्यात कापडी प्राणी शिवायला एक जण आल्या, स्वतःचं मशीन घेऊन. त्यांनी एवढंच विचारलं, माझ्या टेबलाजवळची खिडकी उघडते ना?

काय बेफिकीर बायका असतात. घरच्यांना घोर लावणाऱ्या. चहाचे दोन मार्क दिले.

६ एप्रिल, शनिवार
तक्ता अर्धा नको म्हणून लायब्ररीत जाऊन आलो. लांबट खोली. फळ्यांवर चाकं गेलेल्या मोटारी, केस उपटलेल्या बाहुल्या. टोकाला उघडी खिडकी, खिडकीशी मशीन, मशीनवर ही.

मांडीवर एका कानाचं अस्वल. काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि सगळ्याजणी हसून बेजार. मी फळीमागे उभा राहिलो. हिला गोष्टी सांगता येतात हे मला माहीतच नव्हतं. मग तिने मला पाहिलं. हसणं थांबलं. रागावली नाही. नुसती थांबली. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं.

तिनेच चहा आणून दिला. मी तक्ता दिला. शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. म्हणाली, नीट केलाय. मग म्हणाली, मी आता परत येणार नाही. रागाने म्हणाली नाही, रुसूनही नाही. म्हणाली, समुद्र बघायचा, रिटायर झाल्यावर. संध्याकाळी बागेत जाऊन बसायचं, रिटायर झाल्यावर. दोन शब्द बोलायचे, तेही रिटायर झाल्यावर. मी थांबले. आणि मग वाढदिवसाला तुम्ही मला ती खुर्ची दाखवलीत. तेव्हा कळलं, रिटायर झाल्यावर काय आहे ते.

म्हटलं, हलकी आहे गं, ॲल्युमिनियमची. ती रडायला लागली. मी चहा संपवला. चांगला होता.

७ एप्रिल, रविवार
रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी शांत डोक्याने तक्ता पुन्हा मांडला. चहाला दोनचे वीस केले, मग चाळीस. तरी लायब्ररी पास होईना. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. तिला तिथे राहायचंय ना? मग मीच तिथे नोकरी धरतो! पीएफ गेला खड्ड्यात. रोज चारला समोरासमोर चहा. अर्ज टाकूनही आलो. गेल्या तीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल, शुक्रवार
लायब्ररीच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, हिशेबाला माणूस हवा होता खरा. पण तुमच्या मिसेसना विचारलं. एवढं बोलून अडखळल्या. विचारलं, काय म्हणाली? फार आढेवेढे घेतले, मग सांगितलं. म्हणाली, त्यांना घ्या, गरज असेल त्यांना. मी दुसरं काहीतरी बघते.

अर्ज मागे घेतला. खिडकी चांगली आहे ती. ऊन येतं.

लेकीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, बाबा, रडा तुम्ही, मी आहे लाइनवर. तिचा बराच वेळ गेला.

२९ एप्रिल, सोमवार
गोदामातला मेकॅनिक, ज्याला सगळे स्पॅनर म्हणतात, दुपारी टेबलापाशी येऊन घुटमळला. एक जण आलाय म्हणाला. बायकोचं खुब्याचं हाड मोडलंय, ती बाहेर रिक्षातच बसून आहे. सगळ्या खुर्च्या दिलेल्या. त्या दोन सोडून. खाली बघूनच बोलला.

गोदामात गेलो. तो गृहस्थ माझ्याच वयाचा. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. ॲल्युमिनियमच्या खुर्चीवरच्या चिठ्ठीची गाठ सुटेना, मीच बांधलेली, पक्की. शेवटी कात्रीने कापली. त्याने संकोचून विचारलं, कुणासाठी ठेवली होती का? म्हटलं, हो. तिला नकोय. विचारलं, परत कधी आणू? म्हटलं, सावकाश. चालायला लागू द्या आधी.

चिठ्ठी खिशात ठेवली. तक्त्यात आमच्या संस्थेपुढे, शेवटच्या रकान्यात, ‘नाही’ लिहिलं. तक्ता पूर्ण झाला. मग खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

रिक्षा सोडून दिली होती, आणि तो तिला खुर्चीत बसवून ढकलत फाटकाकडे निघाला होता. मुद्दाम रमतगमत. ती मान मागे वळवून त्याला काहीतरी सांगत होती, आणि तो वाकून ऐकत होता. दोघांना एकच पुरली.