टाकी क्र. ३१७ नापास करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
दाबाच्या टाक्यांची तपासणी शाखा,
दुसरा मजला.

विषय : अर्जदाराने स्वतः जोडलेली टाकी नापास होऊन मिळण्याबाबत (चौथा अर्ज).

संदर्भ : आपली तीन नकारपत्रे, पैकी तिसरे अभिनंदनपर.

महोदय,

१. अर्जदार टाक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे वेल्डर आहे. आपल्याच कामाविरुद्ध अर्ज करणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा, असा आपला समज झाला असल्यास तो चुकीचा आहे. स्वार्थ परिच्छेद ५ मध्ये येईल.

२. वेल्डिंग झालेली टाकी भट्टीत ठरावीक तास तापवून हळूहळू निववली, की जोडातला ताण उतरतो. मग नियमपुस्तक तिला थंडीत सतरा अंशांची सवलत देते. ३१७ न तापवता उणे आठपर्यंतच चालवता येते, तापवल्यास उणे पंचवीसपर्यंत. मर्यादेखाली पोलाद ठिसूळ होते आणि दाब असल्यास काचेसारखे फुटते.

३. आमच्याकडे भट्टीच्या तक्त्यावर सह्या सकाळीच घेतात, कारण टाकी निवेपर्यंत कारकून घरी गेलेला असतो. त्या दिवशीही अर्जदाराने ‘तापवली, निववली’ यापुढे सही ठोकली आणि तो दोन दिवसांच्या रजेवर गेला. दुपारी भट्टीचा पंखा जळाला. टाकी भट्टीच्या दारातूनच रंगकामाला गेली, तिच्यावर उणे पंचवीसची पाटी बसली आणि ती शीतगृहात पोचली. फाइलला आधीच्या टाकीचा तापमानाचा आलेख जोडलेला आहे. आलेख सुरेख आहे.

४. पहिल्या अर्जावर आपण कळवलेत, की कागदपत्रे परिपूर्ण असल्याने टाकी निर्दोष आहे. दुसऱ्यावर कळवलेत, की स्वतःच्या कामाविरुद्ध तक्रारीची तरतूद नाही, त्रयस्थामार्फत यावे. अर्जदाराने मेहुण्याला उभे केले, तर तो नातेवाईक ठरला. तिसऱ्या उत्तरात पाटीवर उणे पंचवीस स्पष्ट कोरलेले असल्याने शंकेस जागा नाही असे म्हणून, सव्वीस वर्षांत एकही टाकी नापास न झाल्याबद्दल आपण अर्जदाराचे अभिनंदन केलेत. पाटी आपण वाचलीत, शीतगृहाच्या मालकांनीही वाचली. टाकीचा पत्रा मात्र निरक्षर आहे, हे अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

५. त्या शीतगृहात अर्जदाराची पत्नी मटारची पाकिटे भरते. तिचे टेबल ३१७ पासून चार हातांवर आहे. येत्या सोमवारपासून टाकी उणे बावीसवर चालणार आहे. अर्जदाराने आडून आडून रजा घेण्याचे सुचवले, तर ती म्हणाली, “तुमची सही आहे ना तिच्या कागदावर? मग मला कसली भीती?” टेबलावरच्या बाकीच्या सात जणींनाही तिने हेच सांगून धीर दिला आहे. अर्जदाराला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

६. परवा सकाळी ती डबा भरत असताना अर्जदाराने सगळे सांगून टाकले. ती घर डोक्यावर घेईल, अशी त्याची तयारी होती. तिने डब्याचे झाकण लावले आणि एवढेच विचारले, “अशा सह्या आणखी किती टाक्यांवर आहेत?”

७. सबब ३१७ सोमवारपूर्वी बंद करून रिकामी करावी आणि सोबतची यादी पाहावी, ही विनंती. यादीतल्या टाक्या भट्टीत गेल्याही असतील. अर्जदाराने त्या जाताना पाहिलेल्या नाहीत, सह्या मात्र त्याच्याच आहेत. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती त्याला मान्य आहे.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
वेल्डर, टाकी विभाग
दिनांक : ९ डिसेंबर, गुरुवार

सोबत :
१) अभिनंदनपत्र, मूळ प्रत, परत.
२) टाक्यांची यादी, आजपर्यंत ४१२, पाने अकरा. अर्जदार आठवून सांगत गेला व पत्नीने लिहून घेतले, त्यामुळे अक्षर तिचे आहे. तिने अजून लिहिणे थांबवलेले नाही. उरलेली पाने मागाहून सादर करण्यात येतील.