व्याह्यांचा मान आणि सॅमन

रेडमंड, वॉशिंग्टन
ऑक्टोबर १९८७

ती. लतिकामावशीस,
श्रीरंगचा शि. सा. नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत हे तू लिहीत नाहीस, म्हणून बरे आहेत असं धरून चालतो. आमच्या विनीतानं गोऱ्या टॉडशी लग्न ठरवल्यापासून मिरजेहून एक ओळ नाही. लग्नाला येणार नाही, हेसुद्धा तू नंदाच्या भावाकडून कळवलंस. असो, आज तो विषय काढतच नाही. आज मासेमारी. (देवाशप्पथ, खाल्ला नाही. इथे धरलेला मासा परत नदीत सोडतात. मग धरायचा कशाला, हे मीही विचारलं नाही.)

त्याचं असं झालं, टॉडचे वडील हॅरल्ड, म्हणजे आमचे व्याही, म्हणाले की शनिवारी सॅमन धरायला चला. मुलीकडचे आपण, नाही कसं म्हणणार? छातीपर्यंत रबरी विजार चढवून कंबरभर गार पाण्यात उभा राहिलो. काठी पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरायची. दोरी आधी पाण्यावरून मागे घेऊन तिची कमान करायची, मग पुढे फेकायची. वरचा हात नुसता वाट दाखवायला. खरं काम खालच्याचं, तो पोटाशी ओढायचा. ताक घुसळण्यासारखंच की गं! पण मी पडलो इंजिनिअर. वरच्या हातानं असा काही जोर लावला की गळ थेट व्याह्यांच्या टोपीत, आणि टोपी नदीत. मीच ती ओढून काढली. त्यांनी पिळून पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाले, चला, आजचा पहिला मासा.

गळाला इथे गांडूळ नसतं, माशी असते, म्हणजे पिसं आणि दोरे गुंडाळून केलेला नटवा किडा. आणि गंमत ऐक. सॅमन समुद्रातून निघतो तो आपल्या जन्माच्या नदीकडे, आणि वाटेत काही खात नाही. कडकडीत उपास! मग माशीला तोंड का लावतो? हॅरल्ड म्हणाले, रागानं. नाकासमोर काहीतरी झगमगीत सारखं नाचवलं की तो चिडतो. (मला कोण आठवलं असेल, सांग.)

दुपारी माझीच काठी वाकली. भला मोठा मासा, आणि व्याही सकाळपासून रिकामे. त्यांच्याआधी मी पंगतीला बसल्यासारखं वाटलं मला. काठी पुढे केली आणि म्हणालो, आधी तुम्ही. ते नको नको म्हणतायत, मी घ्या घ्या म्हणतोय. त्या आग्रहात दोरी सैल पडली आणि मासा गेला. हॅरल्डनी टोपी काढून पुन्हा एकदा पिळली. मला वाटलं, मोडलं लग्न.

काठावर कॉफी पिताना मी त्यांना सगळं समजावलं, मुलाकडचे, मुलीकडचे, मान, रुसवे. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, "मग मुलीच्या बाजूनं भांडतं कोण?"

"आमची मावशी," मी म्हणालो.

माझ्या लग्नात तू मुलाकडची असून नंदाच्या वडिलांना पहिल्या पंगतीला बसवलंस आणि आपल्याच लोकांशी कडाकडा भांडलीस, ते सांगितलं. सांगता सांगता रडूच आलं. थंडीनं नाक गळतंय म्हणालो.

नंदा आणि विनीता नमस्कार सांगतात. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
रंगा

ता. क. हॅरल्ड माशा स्वतः बांधतात. त्यांना सोनेरी तार हवी होती, म्हणून नंदानं तुझ्या जुन्या शालूच्या काठातली जर दिली. मासा लागला तो त्याच माशीला. बांधणाऱ्यानं माशीला नाव द्यायचं असतं म्हणे. त्यांनी दिलंय 'लतिका'.

आणखी एक. लग्न मार्चमध्ये आहे आणि मुलीच्या बाजूनं भांडायला इथे कोणी नाही. रागावलेली ये, आमच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नकोस, पण ये. नाहीतर निदान चार शिव्या तरी लिहून पाठव. माशी याच पाकिटात ठेवली आहे. गळाचं टोक कापलंय, तरी जपून धर.