झाडे माझी, जमीन त्यांची

मी, मिरोफोरा चट्टालू, कै. हारीलाओस चट्टालोस यांची पत्नी (आमच्याकडे बायकोचे आडनाव असे बदलते), वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार कातो व्रिसी, जिल्हा लिमासोल, सायप्रस, हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत, ती रागाच्या भरात लिहिली होती.

कलम १. राहते घर, अंगण व त्यातली लिंबाची झाडे माझा भाचा साव्वास याची मुलगी आंद्रिया हिला द्यावीत. शहरात दोन खोल्यांचे भाडे भरता भरता ती मेटाकुटीला आली आहे. घर सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचे नाही, तिने स्वतः राहायचे. न्हाणीघराचे छप्पर गळते, ते आधी बघावे.

कलम २. कॅरोबच्या झाडाच्या गोड शेंगांचा पाक करायची तांब्याची मोठी कढई शेजारीण सोफ्रोनिया हिला द्यावी. या कढईवरून आम्ही सत्तावीस वर्षे एकमेकींशी बोललो नाही. ती म्हणते, कढई तिच्या आईची. असेलही.

कलम ३. गावाच्या वरच्या उतारावर माझी कॅरोबची चार झाडे आहेत. जमीन माझी नाही, कधीच नव्हती. आमच्याकडे जुन्या काळापासून जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे असू शकते, आणि त्या उतारावरची झाडे लग्नात मुलीला देतात. मला ती आईने दिली, आईला आजीने. सरकारी शिक्क्याचा कागद शिवणयंत्राच्या खणात आहे.

जमीन गेल्या वर्षी एका कंपनीने घेतली. तिथे तीनशे ऐंशी घरे बांधायची आहेत. इतर कोणाचा त्या उतारावर हक्क नाही, असा दाखला कंपनीला गावाच्या मुख्तारकडून हवा होता. मुख्तार, म्हणजे गावचा प्रमुख, माझा साव्वासच आहे. त्याने कॉफीखान्यात जाऊन सगळ्यांना विचारले, "वर कुणाचं काही आहे का?" सगळे नाही म्हणाले. त्याने शिक्का मारला. आता आमच्या कॉफीखान्यात बसतात फक्त पुरुष, आणि झाडे आहेत बायकांची. वर्षानुवर्षे त्या झाडांच्या शेंगा झोडपणाऱ्या एकाही नवऱ्याला ती कोणाच्या नावावर आहेत हे आठवले नाही.

मार्चमध्ये त्या घरांना परवानगी देण्याच्या ठरावासाठी ग्रामपरिषदेची सभा झाली. सारे गाव लोटले होते. सोफ्रोनिया उभी राहून ओरडली, "आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं रे! तीनशे ऐंशी घरांना काय थुंकी देणार?"

साव्वास म्हणाला, "काकू, शाळेत सात पोरं उरलीत. पुढच्या वर्षी कुलूप लागेल. मग तुमचं ते पाणी प्यायला राहणार कोण?"

दोघांचेही मला पटले. कागद माझ्या पिशवीत होता. तो काढला असता तर ठराव तिथेच अडला असता, पण साव्वासने खोटा दाखला दिला हेही सगळ्या गावासमोर आले असते. तो तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याला मी भरवले, वाढवले, शाळेत घातले. माझा हात पिशवीतून बाहेर आलाच नाही. दोनाविरुद्ध तीन मतांनी ठराव पास झाला. त्या दिवसापासून मला त्या उताराकडे बघवत नाही.

म्हणून ती चारही झाडे, शेंगा झोडपायच्या काठ्या व गोण्या यांसह, सोफ्रोनियाला द्यावीत. सत्तावीस वर्षे ती मला बधली नाही, कंपनीला काय बधणार.

कलम ४. भाचा साव्वास यास मी काहीही ठेवत नाही. कायद्याप्रमाणे ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. मी मेल्यावर वकिलाकडून त्याला हे कळू नये. साव्वास, हे लिहिताना मला रडू आले, तेही इथे लिहून ठेवते.

सही करण्याआधी घडले ते जोडते. आज दुपारी साव्वास आला. माझे गुडघे बघायला येणारी नर्स आंथूसा होतीच. त्याने उभ्या उभ्याच पेन काढले.

"कुठं सही करू, आत्या?"

"आधी वाच."

वाचता वाचता तो खाली बसला. "म्हणजे मला तोंडघशी पाडायचं ठरवलंस."

"पाडायचं असतं तर मार्चमध्येच पाडलं असतं, गाढवा."

"मी सगळ्यांना विचारलं होतं. पदरच्या पैशानं कॉफी पाजून विचारलं!"

"बायकोला विचारलंस?"

"तिचा काय संबंध?"

"तिचीही दोन झाडं आहेत तिथं. तिच्या आईनं दिलेली, तुमच्या लग्नात."

"ती? अगं, तीस वर्षं मीच झोडपतोय ती!"

आंथूसा तोंडावर हात धरून हसली. तो हसला नाही. त्याने सगळे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले, कलम चारवर बराच वेळ थांबला, आणि मग माझा हात हातात घेतला. मी त्याच्या देखत सही करते आहे.

कातो व्रिसी, १२ जून २०१९

(सही) मिरोफोरा चट्टालू

आम्हा दोघांसमक्ष सही झाली.

साक्षीदार: आंथूसा पिएरी, नर्स.

साक्षीदार: साव्वास कोक्कीनोस, मुख्तार. वाचून सही केली. कंपनीला दिलेला दाखला चुकीचा होता, तो मी उद्या मागे घेत आहे. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात बायकांना विचारीन. पहिल्यांदा माझ्या बायकोला.