हिच्या अकरा हजार ओळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली! हिच्या कॉम्प्युटरमध्ये एकच फाइल. नाव नुसतं "ओळी". उघडली तर अकरा हजार दोनशे सहा ओळी! ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हापासूनच्या, म्हणजे बावीस वर्षांच्या. रोज एखाददोन ओळी टाइप करायची. मी समजायचो, याद्या असतील कसल्या तरी.

(हे मापांच्या वहीत उलट्या बाजूने लिहितोय. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या नि कमरा. दुसरी वही आणायला जिवावर येतं.)

हिची वाचा गेल्याला उद्या दहा आठवडे. उजवा हातही गेला तेव्हाच, पण हाताचं मला एवढं नाही. इतकी बोलकी बाई, आणि आता दिवसभर "ते... ते..." इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, मी त्यांना शब्दबाई म्हणतो. त्या परवा म्हणाल्या, "पुस्तकातले धडे नकोत. त्यांची स्वतःची वाक्यं आणा. माणसांप्रमाणे वेगळी करून आणा — आज लेकीची, उद्या आईची. आपल्या वाक्यांना जीभ लवकर ओळख देते." आणि दारापर्यंत येऊन हळूच, "पंचवीस तारखेला तपासणी आहे. तोवर स्वतःहून एक तरी वाक्य यायला हवं. नाहीतर रोजचे वर्ग थांबवतात. चित्रांचा फलक देतात."

फलक पाहिलाय मी. पेला, पलंग, संडास. त्यावर बोट ठेवायचं. ही!

५ फेब्रुवारी, गुरुवार

ओळी अशा — आधी माणूस, मग दोन टिंबं, मग वाक्य. शेवटी तारीख, ती इथे उतरवत नाही.

लेक : आज स्वतःहून दप्तर भरलं. मोजे मात्र दोन रंगांचे.
सासूबाई : आज पहिल्यांदा मला "बस गं जरा" म्हणाल्या.
साहेब : वाचनालयातच घोरत होते. पुस्तक मात्र सरळ धरलेलं.

सगळी सरमिसळ. मी मागे एकदा दुकानातली सगळी बटणं एका डब्यात ओतली होती, त्याची आठवण झाली.

लेकीला फोन केला. ती कॉम्प्युटरच्याच धंद्यातली. "बाबा, पाठवा माझ्याकडे, दोन मिनिटांचं काम आहे." हिला विचारलं, पाठवू का? मान इतक्या जोरात हलवली की मागची उशी खाली! खाजगी आहे म्हणजे. "मग मी करू?" असं म्हटल्यावर थांबली. नवशिक्याच्या हातात भारी कापड देताना मी जसा बघतो, तशी बघितली माझ्याकडे. मग डोळे मिटून "हं" केलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हिच्या खणात हिरवी वही. वर "नवीन माणसासाठी". ग्रंथालयात नव्याने आलेल्यांना ही कॉम्प्युटरचं काम शिकवायची त्याची. पहिल्या पानावर हिचं अक्षर — "घाबरू नका. आधी प्रत काढा. मग काय वाट्टेल ते करा."

प्रत काढली. तरीही घाबरलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस एका बोटाने टाइप करतोय. याला स्क्रिप्ट म्हणतात. आपण पायरीपायरीने आज्ञा लिहून ठेवायच्या, मग कॉम्प्युटर त्या एकेका ओळीवर चालवतो. माझ्या आज्ञा साध्या. ओळ वाच. दोन टिंबांच्या आधी जे असेल त्या नावाची फाइल घे. टिंबांनंतरचं वाक्य त्यात टाक. पुढची ओळ.

हिची वही सांगते, आधी थोड्याच ओळींवर करून बघा. म्हणजे कच्ची टीप. ते मला कळतं! पहिल्या शंभर ओळी घेतल्या. चालवलं. क्षणात झालं. फाइली तयार — लेक, सासूबाई, साहेब, धाकटी नणंद, शेजारीण. नाचायचाच बाकी होतो.

उघडल्या तर प्रत्येकीत एकच ओळ. एकच! लेकीच्या एकतीस असायला हव्यात. बाकीच्या गेल्या कुठे? तिचं बोलणं आधीच गेलंय, आता लिहिलेलंही मी घालवलं की काय! मग आठवलं — प्रत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हिची खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. म्हटलं, "अगं, बघ ना काय चुकलंय." चिडेल असं वाटलं. तिने पडद्याकडे बघितलं. बराच वेळ. "ते... ते..." मग डावा हात उचलला, सावकाश, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये जिथे एक बाण होता तिथे आणखी एक बाण दाबला. बस्स.

वहीत शोधलं नंतर. एक बाण म्हणजे आधीचं पुसून टाक नि हे ठेव. दोन बाण म्हणजे आधीच्या खाली जोड. मी प्रत्येक ओळीला आधीची पुसत होतो. शेवटची तेवढी राहिली.

चालवलं. लेक — एकतीस ओळी!

दहा आठवड्यांत पहिल्यांदा हिने मला चूक दाखवली. आधी रोज दहा दाखवायची. मी आत जाऊन तोंड धुतलं. रडलो, लपवायचं काय त्यात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शंभर ओळींत मी कुठेही नाही. शोधलं. "हे" नाही, "अहो" नाही, काही नाही. साहेबांच्या नऊ ओळी, शेजारणीच्या चौदा, शेजारणीच्या मांजरीच्याही दोन. मी नाही. असो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

असो म्हटलं खरं, पण लागलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळ्या अकरा हजार ओळी चालवल्या. आणि गोंधळ! कॉम्प्युटर ओरडायला लागला — फाइलचं नाव फार लांब, फाइलचं नाव फार लांब — पानंच्या पानं. थांबल्यावर फोल्डर उघडला तर माणसांच्या साठसत्तर फाइली व्हायच्या तिथे तीन हजारांच्या वर! आणि त्या आतून रिकाम्या. दोन-चार उघडून पाहिल्या. कोरं.

कचरा म्हणून निवडल्या सगळ्या. पुसायच्या बटणावर बोट होतं. तेवढ्यात एका रिकाम्या फाइलीच्या नावाकडे लक्ष गेलं. नाव कसलं, वाक्यच होतं ते.

"आज घोरले नाहीत म्हणून दोनदा उठून पाहिलं"

बोट काढून घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल पुढे लिहवलं नाही.

झालं ते असं. काही ओळींना हिने आधी माणूस लिहिलाच नाही. दोन टिंबं नाहीत, काही नाही, थेट वाक्य. माझी आज्ञा काय, टिंबांच्या आधीचं ते नाव. टिंबंच नाहीत म्हटल्यावर स्क्रिप्टने अख्ख्या वाक्यालाच माणसाचं नाव समजून त्याची फाइल केली. आत टाकायला मग काही उरलंच नाही.

मूळ फाइलीत बघितलं. मी दुकान बंद करून मशीन घरी आणलं, त्या वर्षापासून या बिननावाच्या ओळी सुरू होतात. मोजल्या. तीन हजार एकशे चाळीस. लेकीपेक्षा जास्त! आणि सगळ्या —

"नव्या चष्म्यात अगदी मास्तर दिसतात. सांगायचं नाही, चढून बसतील."
"माझ्या कोटाला आतून निळा खिसा लावलाय. विचारलं तर म्हणे चुकून."
"भांडण. चूक माझी. उद्या सांगेन."
त्याखाली, दुसऱ्या दिवशीची — "नाही सांगितलं. पण मशीनला तेल घातलं."

बत्तीस वर्षांत हिने मशीनला तेल घातलं ते एकदाच. मला वाटलं होतं, मीच घातलं नि विसरलो.

हिच्यासमोर बसलो. "अगं, इतक्या लिहिल्यास, मग माझं नाव का नाही घातलंस?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही अगदीच बावळट विचारतोय. आणि हसली. अर्ध्या तोंडाने, दुसरं अर्धं अजून ऐकत नाही. मग डाव्या हाताने माझी ही वही ओढून घेतली, पुढून उघडली नि एका पानावर बोट ठेवलं. छाती, कंबर, बाही, उंची. वर नाव नाही. तिचीच मापं. या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव मी घालतो, न चुकता. हिचं एवढ्या वर्षांत एकदाही घातलेलं नाही. कशाला घालायचं?

आणि मी दोन दिवस तोंड पाडून फिरत होतो. गाढव आहे मी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्क्रिप्ट दुरुस्त. टिंबं नसतील तर ओळ सरळ एका वेगळ्या फाइलीत. फाइलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा हिच्याकडे बघितलं. तिने खांदा उडवला. "ठेवा काहीही" असं.

नाव "चुकून" ठेवलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात ही लेकीच्या ओळी वाचत होती. मोठ्या अक्षरांत छापून नेल्या होत्या. "मो... मोजे. दोन. रंगांचे." शब्दबाईंनी टाळी वाजवली. मग मी धीर करून "चुकून"चं पहिलं पान पुढे केलं. हिने वर बघितलं, लाजली (या वयात!) आणि अख्खी ओळ वाचली. "आज घोरले नाहीत म्हणून दोनदा उठून पाहिलं." अडखळत, पण अख्खी! शब्दबाई माझ्याकडे बघून हसू दाबत होत्या. दाबू देत.

निघताना त्यांना विचारलं, आता झालं ना? म्हणाल्या, "फार छान. पण काका, हे वाचणं आहे. वाचलेलं, पाठ असलेलं आधी येतं. आपल्याला हवंय ते वेगळं. आत्ताचं, समोरच्या माणसाला म्हणून केलेलं नवं वाक्य. कुठेही न लिहिलेलं."

सहा दिवस उरले.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मुद्दाम चहात साखर घातली नाही. वाटलं, रागाने तरी काही म्हणेल. तोंड वाकडं केलं आणि कप सरकवला. शब्द नाही. मग माझंच मन मला खायला लागलं, आजारी माणसाशी असले डाव खेळतोय. दुसरा कप करून दिला, दोन चमचे जास्त घालून. त्यालाही तोंड वाकडं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रोज वाचतो आम्ही, सकाळी एक पान, दुपारी एक. मी ओळ सुरू करतो, ती पुरी करते. लेक फोनवर म्हणते, "आई किती सुधारली!" आई फोनपाशी "ते... ते..." करते आणि फोन माझ्या हातात कोंबते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नाही आलं.

डॉक्टर, शब्दबाई, आणखी एक बाई वही घेऊन. विचारलं, सकाळी काय खाल्लं? ही म्हणाली, "मोजे दोन रंगांचे." विचारलं, हे कोण? माझ्याकडे बोट. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळाला घाम. मला वाटलं, ओरडून सांगावं — पुरे करा, मी कोण ते तिने तीन हजार वेळा लिहिलंय!

वर्ग बंद. फलक दिला.

घरी येताना ही माझ्याकडे बघेना. मी आपला रस्ताभर बडबडत राहिलो, या कोपऱ्यावरची कापडाची दुकानं कशी बंद झाली वगैरे. तिला वाटत होतं, तिने मला खाली बघायला लावलं. वेडी कुठली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फलक कपाटावर टाकलाय. संडासाला जायचं तर ती नुसती बघते नि मला कळतं. एवढ्यासाठी चित्र कशाला?

१ मार्च, रविवार

शब्दबाईंचा फोन. स्वतःहून केला, नेमून दिलेलं नसताना. "काका, वर्ग बंद झाले म्हणजे सगळं बंद झालं असं नाही. तुमचं वाचन सोडू नका." नाही सोडणार म्हटलं. पण फोन ठेवल्यावर कळलं, मी आता काही येईल म्हणून वाचत नाहीये. तिच्याबरोबर बसायला बरं वाटतं म्हणून वाचतो. न बोलता जगायचं तर तसं जगू. मशीनवर माझे पाय, बाजूला हिची खुर्ची, मध्ये तिचं एक पान. इतकं काही वाईट नाही. (वाईट आहे. पण जमेल.)

आता बिननावाच्या ओळी वर्षांप्रमाणे वेगळ्या करायच्या ठरवल्यात. त्याला नवीन स्क्रिप्ट लागेल. हिरवी वही पुन्हा उघडली.

४ मार्च, बुधवार

सकाळी अकरा. मी स्क्रिप्ट टाइप करत होतो, एका बोटाने, बाण कुठल्या बटणावर असतो ते पुन्हा विसरून. मागून आवाज आला, "अहो, सरका तिकडे. किती वेळ लावता!"

मी सरकलो नाही. आधी शोधलं, सगळ्या अकरा हजार दोनशे सहा ओळींत. "सरका" — शून्य. "वेळ लावता" — शून्य. ती मागून खुर्चीला ढोसत होती, "सरका! सरका!"

मग सरकलो.