फिल्मवरची रेघ

१२ जानेवारी, सोमवार

धाटावच्या कारखान्यात शटडाउन सुरू, मोठ्या दुरुस्तीसाठी. गेटवर पासच्या रांगेत कोण उभं, तर उस्मानभाई! पेणला ग्रिलच्या दुकानात माझ्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर दिला तो त्यांनी. आखातात नेलं त्यांनी, पाइपवर बसवलं त्यांनी, आणि 'तुझी नजर बारीक हाय, इन्स्पेक्टरचा कोर्स कर' म्हणून मागे लागले तेही तेच. दाढी आता पूर्ण पांढरी. हात तसाच, दगडासारखा स्थिर.

ठेकेदाराने आणलंय. आपल्या जॉइंटवर मारायचा स्टॅम्प सात नंबरचा मागून घेतला, नेहमीचा. 'विनू, आता माझे जॉइंट तू बघनार,' म्हणाले. मी चेष्टेने म्हटलं, तुमचे काय बघायचे, डोळे मिटून पास.

भडकले. 'असा नाय बोलायचा. बघायचा तर बघ, नायतर घरी जा.'

चहाला मात्र पैसे मला देऊ दिले नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुमनने डब्यात तिळाच्या वड्या दिल्या. उस्मानभाईंना दिल्या, त्यांनी घरच्या बोंबलाची चटणी दिली. दुपारी त्यांचा जॉइंट चालू असताना लांबून बघत उभा राहिलो. आर्कचा आवाज एकसारखा. आजकालची पोरं फोनवर बोलत बोलत वेल्डिंग करतात, त्यांना हा आवाज ऐकवायला हवा.

१५ जानेवारी, गुरुवार

एक्स-रेच्या फिल्म आल्या, मोठा गठ्ठा. पाण्याच्या प्रेशरची टेस्ट अडलेली, म्हणून क्वालिटीच्या मॅडम दारात उभ्या. 'सर, किती वेळ?' सारखं तेच.

सात नंबरच्या एका जॉइंटमध्ये रेघ. बारीक, काळी, मधल्या थरात. धातू एकजीव झालेला नाही. रिजेक्ट लिहिलं. मॅडम म्हणाल्या, हे तुमचे गुरू ना? म्हटलं, गुरू गेटच्या बाहेर.

वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर थोडी शानही वाटली. माणूस कडक आहे, ओळख ठेवत नाही, असं मॅडमना दिसलं ना.

१६ जानेवारी, शुक्रवार

जॉइंट कापला. उ.भा. एका शब्दाने भांडले नाहीत. 'कुठं हाय?' एवढंच विचारलं. मी दाखवलं, तिथे स्वतःच खडूने खूण केली. कापलेल्या तुकड्यावरून आतून अंगठा फिरवला. 'हाताला तर साफ लागतंय रे.'

म्हटलं, रेघ मधल्या थरात आहे, हाताला नाही लागायची.

'तू बोलतोस तर असंल.'

नवा जॉइंट मात्र करायला तयार होईनात. ठेकेदाराला म्हणाले, दुसऱ्याला दे. मग माझ्याकडे आले. 'माझा हात गेला, विनू. मला कळला नाय, तुला कळला. दुसऱ्या कुनी सांगितला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. तू सांगितलास, बरा झाला.'



१७ जानेवारी, शनिवार

उ.भा. पास जमा करून निडीला घरी गेले. आपलं हेल्मेट, हातमोजे, ठोकायची हातोडी, सगळं एका बिहारी वेल्डरला देऊन टाकलं. तो मला खुशीने दाखवत होता. 'चाचा ने दिया, अब काम नहीं करेंगे बोले.'

सुमनला सांगितलं. ती म्हणाली, 'वय झालं त्यांचं. कधी ना कधी थांबायचंच होतं.' बरोबर आहे. तरी जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी गच्चीवर चहा घेत होतो. वरसे गावाकडे बिल्डिंगी वाढल्यात, तरी आमच्या गच्चीवरून आभाळ अजून बरंच दिसतं. स्वच्छ आभाळ.

त्यात रेघ.

बारीक, काळी. डोळा हलवला की हलते, थांबवला की हळूच खाली सरकते. उजवा डोळा मिटला तरी आहे. डावा मिटला की नाही.

चहा तसाच राहिला. सुमनने विचारलं, काय झालं? म्हटलं, माशी पडली.

१९ जानेवारी, सोमवार

कुणी यायच्या आत ऑफिसात गेलो. ती फिल्म काढली, फिल्म वाचायच्या उजेडाच्या पेटीवर लावली. डावा डोळा मिटून बघितली. साफ. उलटी करून बघितली. साफ. उजवा मिटून बघितली, तर रेघ आली, आणि फिल्म सरकवली तरी माझ्याबरोबरच राहिली.

कुठलाही दोष दिसला की फिल्म उलटी करायची. दोष फिल्मबरोबर फिरला तर खरा. हे मी नव्या पोरांना शिकवतो, दर वर्गात. गुरुवारी मीच केलं नाही. मॅडम दारात उभ्या होत्या म्हणून. गुरूला नापास करायची घाई होती म्हणून? ते नको लिहायला. पण लिहिलं.

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा पगार घेतो मी. माझ्या डोळ्यातलं मुसळ आभाळाने दाखवलं.

अजून एक. दर वर्षी आम्हाला नजरेचं सर्टिफिकेट लागतं. डिसेंबरात डॉक्टरने उजव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला तेव्हा तक्त्याची खालची ओळ अंधुकच होती. पण तक्ता तोच, वर्षानुवर्षं. ओळ तोंडपाठ. म्हणून टाकली. फसवायचं मनात नव्हतं. पण फसवलंच की.

२१ जानेवारी, बुधवार

पनवेलला डोळ्याचे डॉक्टर. म्हणाले, आतली जेली वयाने सुटते, तिची सावली दिसते, त्याचं एवढं नाही. पण डाव्या पडद्यालाही ताण आहे. 'काम काय करता?' सांगितलं. म्हणाले, बारीक बघायचं काम आता या डोळ्याने नको.

म्हणजे गेली इन्स्पेक्टरकी. किंवा नाही गेली, मी गप्प बसलो तर. तक्ता तोंडपाठ आहेच.

पाइप जोडला गेला, दुसऱ्याने नीट जोडला. गळणार नाही काही. कुणाचं नुकसान नाही. एक म्हातारा घरी बसला, तो असाही बसणारच होता. परतीच्या एसटीत हे सगळं स्वतःला समजावत होतो आणि माझीच मला किळस येत होती.

२२ जानेवारी, गुरुवार

रजा टाकली. सुमनबरोबर हमरापूरला तिच्या माहेरी. कारखान्यात गणपती ओळीने वाळत घातलेले, कच्चे, पांढरे. सुमनचा दादा सोंडेला हात मारत बसला होता. डोळ्यांची आखणी वहिनी करत होत्या. मी विचारलं, दादा, आखणी तुमची ना?

'सोडली गेल्या साली. एका बाप्पाची नजर तिरकी गेली माझ्या हातून. लहान मूर्ती, कोनाला कळला पन नसता. मी मोडली ती. आता हिच्याकडं दिलं. लोक वर्षभर वाट बघून घरात नेतात, आपन तिरका बाप्पा द्यायचा काय?'

असं म्हणून हसला. त्याला काही वाटल्यासारखं दिसलं नाही. येताना सुमनला गाडीवरच सगळं सांगितलं. तिने पाठीवर हात ठेवला. घरी पोचल्यावर म्हणाली, 'उद्या मॅडमना सांगा. आणि त्या माणसाला सांगा आधी.'

आधी मॅडम. त्या माणसाला सामोरं जायची हिंमत अजून नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. फिल्मचंही, तक्त्याचंही. वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, 'या शटडाउनच्या सगळ्या फिल्म दुसऱ्याकडून वाचून घेते. तुम्ही तोपर्यंत घरी थांबा, सर.' अजून 'सर' म्हणतात.

ड्रॉवर रिकामा केला. भिंग आणलं घरी. का आणलं कोण जाणे.

२९ जानेवारी, गुरुवार

मॅडमचा फोन. बाकीच्या सगळ्या फिल्मना माझा निकाल बरोबर. फक्त सात नंबरची ती एक साफ होती. 'उस्मानभाईंना ऑफिसतर्फे कळवू का? पुढच्या कामाला आम्हाला ते हवेतच.'

म्हटलं, मी सांगतो. ती फिल्म एका दिवसासाठी द्या. विचार करून हो म्हणाल्या.

एकच चुकली. बाकी शेकड्यांनी बरोबर. नेमकी ती एक.

१ फेब्रुवारी, रविवार

निडीला गेलो. उ.भा. अंगणात. पोपटी लावायची तयारी, मडक्यात भांबुर्डीचा पाला भरत होते, वालाच्या शेंगा भाजायला बाजूला. मला बघून खूप खूश झाले. भाभींनी खुर्ची दिली. उ.भा. म्हणाले, 'बस रे, मडकं निघंपर्यंत जायचा नाय.'

जाळ लागला तेव्हा सांगितलं. सगळं. डोळा, रेघ, उलटी न केलेली फिल्म, नवा निकाल. माफी मागितली.

ते ऐकत होते. मग हसले, माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 'माझं मन राखायला आलास व्हय? निडीपर्यंत?'

म्हटलं, खरं सांगतोय.

'अरे, मलाच कळत व्हतं की. साल-दीड सालापासून हात जड वाटत व्हता. तू फक्त बोललास.'

पाकिटातून फिल्म काढली. कडांना धरून त्यांच्या हातात दिली, म्हटलं, तुम्हीच बघा. दुसऱ्या माणसाने बघितलीय, कंपनीने मान्य केलीय. कुठे आहे रेघ, दाखवा.

उठले, दारातल्या उन्हाकडे धरली. लांब केली, जवळ आणली. भाभी पण बघायला आल्या. बराच वेळ बघितली. मग अंगठ्याचं नख टेकवलं, जिथे त्या दिवशी खडूची खूण केली होती अगदी तिथे.

'ही काय. हाय की.'

मी डावा डोळा मिटून बघितलं. काही नाही. साफ. 'नाही उस्मानभाई, काही नाही तिथे.'

'तुला दिसली व्हती ना? मंग हाय.' फिल्म पाकिटात घालून माझ्या हातात दिली. 'कंपनीची हाय, हरवू नको.'

पोपटी चांगली झाली होती. दोघांनी आग्रह करकरून वाढलं. जेवलो. पुढच्या शटडाउनला चला म्हटलं तर मान हलवली, हेल्मेट देऊन टाकलाय म्हणाले. नवं आणतो म्हटलं, तर विषय बदलला.

गाडी चालू केली तेव्हा अंगणातून ओरडले, 'विनू, त्या डोळ्याला दवा घाल रे. माझ्यापायी हयगय करू नको.'

पुढच्या रविवारी परत जाणार आहे. नवं हेल्मेट घेऊन. घेतील का, माहीत नाही.